पोटाला मुका मार : दुखणं थांबलं म्हणजे धोका टळला असं नाही, स्वादुपिंडाची इजा कशी ओळखतात, उपचार काय?

प्रतिनिधी : सायकलवरून पडताना पोराच्या पोटात हँडल घुसलं. गोठ्यात बैलानं ढुशी मारली. ट्रॅक्टर खड्ड्यात आदळला आणि स्टेअरिंग पोटावर बसलं. गावाकडं असे प्रकार रोजचेच. रक्त आलं नाही, हाड मोडलं नाही, की सगळे म्हणतात, "मुका मार आहे, दोन दिवसांत जाईल."

बहुतेक वेळा तो खरंच जातो. पण काही थोड्या रुग्णांत या मुक्या मारानं पोटाच्या आत, पार पाठीच्या कण्याजवळ असलेलं स्वादुपिंड चेचलं किंवा तुटलेलं असतं. ही इजा फार लोकांना होत नाही. मात्र ती लवकर ओळखू येत नाही, आणि उशीर झाला की अवघड होऊन बसते. पोटाला मार लागल्यावर घरच्यांनी काय पाहायचं, डॉक्टर कोणत्या तपासण्या करतात आणि उपचार कसे होतात, याची ही माहिती.

स्वादुपिंड असतं कुठं?

डॉक्टर ज्याला पॅनक्रियाज म्हणतात तेच स्वादुपिंड. ही एक मऊ, लांबट ग्रंथी आहे. लांबी साधारण १५ सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. बेंबीच्या वर, जठराच्या मागं आणि पाठीच्या मणक्याच्या पुढं ती आडवी पडलेली असते. तिचं डोकं उजवीकडं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात बसलेलं असतं आणि शेपटी डावीकडं प्लीहेपर्यंत, म्हणजे पाणथरीपर्यंत जाते.

तिची कामं दोन. एक, इन्सुलिनसारखे रस थेट रक्तात सोडून साखर ताब्यात ठेवणं. दोन, अन्न पचवणारा पाचकरस तयार करणं. हा रस दिवसाला एक ते दीड लिटर तयार होतो. ग्रंथीच्या मधून एक मुख्य नळी जाते. तिला बारीक बारीक नळ्या येऊन मिळतात आणि सगळा रस त्या मुख्य नळीतून आतड्यात पडतो.

ठिबक लावलेल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. एखादी बारीक नळी गळाली तर थोडं पाणी मुरतं, पुढं भागतं. मेनलाइनच तुटली तर सगळं पाणी नको तिथं जमा होतं. इथं तर पाणी नसून पाचकरस आहे. तो चरबी पचवतो, प्रथिनं पचवतो. आतड्याबाहेर सांडला की आपल्याच शरीराच्या आतल्या भागांना खाऊ लागतो. सूज येते, पाणी साचतं, त्यात जंतू शिरले तर पू होतो.

म्हणून या इजेत सगळ्यात मोठा प्रश्न एकच असतो : मुख्य नळी शाबूत आहे का तुटली?

मार कसा लागतो?

स्वादुपिंड इतकं आत असताना त्याला मार लागतोच कसा, असं वाटणं साहजिक आहे. कारण त्याच्या मागं मणका आहे. मणका म्हणजे ऐरण, पुढून येणारं हँडल म्हणजे हातोडा, आणि मध्ये सापडतं ते स्वादुपिंड. पोटाची कातडी शाबूत राहते, पण आतली ग्रंथी बरोबर मणक्यावर चेचली जाते. कधी तिथंच तिचे दोन तुकडे होतात.

ही गोष्ट नवी नाही. १८२७ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले सर्जन ट्रॅव्हर्स यांनी घोडागाडीच्या चाकाचा मार लागून दगावलेल्या एका बाईच्या शरीरात स्वादुपिंड तुटल्याची नोंद केली. आता घोडागाडीची जागा मोटारसायकल आणि चारचाकीनं घेतली.

सर्वसाधारण कारणं अशी :

- लहान मुलांमध्ये सायकलच्या हँडलचं टोक पोटात घुसणं. जगभरात मुलांमधल्या या इजेचं हे नेहमीचं कारण मानलं जातं.
- मोठ्यांमध्ये चारचाकीचं किंवा ट्रॅक्टरचं स्टेअरिंग, मोटारसायकलचं हँडल.
- जनावराची ढुशी किंवा लाथ.
- झाडावरून, माडीवरून पडताना फांदीवर, कठड्यावर किंवा दगडावर पोट आपटणं.
- मारामारीत पोटात बसलेली लाथ किंवा बुक्की.
- चाकू, भाला, शिंग घुसणं. यात जखम दिसत असल्यानं माणूस लगेच दवाखान्यात पोचतो.

मुलांच्या पोटाचे स्नायू पातळ असतात, चरबीही कमी. त्यामुळं सायकल फार जोरात नसली तरी हँडलचा सगळा जोर एका छोट्या जागेवर येतो. पोटावर रुपयाएवढा गोल वण उमटलेला दिसला, तर तो वण लहान आहे म्हणून सोडून देऊ नये. तो वणच सांगतो, की मार नेमका कुठं आणि किती आत गेला आहे.

खरा फसवा भाग : दुखणं कमी होतं आणि परत येतं

मार लागल्यावर सुरुवातीला पोटात जोरात कळ येते. मग तास-दोन तासांत ती कमी होऊ शकते. पोरगं उठून बसतं, पाणी मागतं, मोबाइल मागतं. घरच्यांना वाटतं, चला सुटलो. पुढच्या काही तासांत पाचकरस हळूहळू सांडत राहतो, सूज वाढते आणि दुखणं पुन्हा चालू होतं. कधी सहा-आठ तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी.

असं का होतं? स्वादुपिंड पोटाच्या मागच्या कप्प्यात असतं. तिथं सांडलेला रस सुरुवातीला मागंच साठतो, पुढं पसरत नाही. त्यामुळं डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं तरी ते पहिल्या काही तासांत मऊ लागू शकतं.

म्हणून जोरात मार लागला असेल तर पहिले चोवीस तास माणसाला एकटं सोडू नये. रात्री झोपला तरी अधूनमधून उठवून पाहावं. खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा :

- पोटाच्या वरच्या भागात दुखणं, आणि तीच कळ पाठीत जाणं. उताणं झोपलं की जास्त, पुढं वाकून बसलं की थोडं बरं.
- थांबलेलं दुखणं पुन्हा चालू होणं.
- वारंवार उलट्या. पाणीसुद्धा न टिकणं.
- पोट फुगणं, हात लावू न देणं, पोट कडक होणं.
- ताप, थंडी वाजणं.
- चेहरा पांढराफटक, अंगाला गार घाम, नाडी जलद, उभं राहिल्यावर गरगरणं. ही आत रक्त वाहत असल्याची खूण असू शकते. इथं एक मिनिटही घालवू नये.
- डाव्या खांद्यात विनाकारण दुखणं. पाणथरी फाटल्यावर असं होऊ शकतं.
- लहान मूल गप्प गप्प होणं, खायला नको म्हणणं, पाय पोटाशी घेऊन पडून राहणं.

आणखी एक. सायकल न विचारता नेली, म्हशीवर बसायला गेला, झाडावर चढला, अशा वेळी ओरडा बसेल म्हणून मुलं मार लागल्याचं सांगतच नाहीत. दोन दिवसांनी उलट्या चालू झाल्या की घरचे समजतात, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. पोरगं पोट धरून बसलं असेल तर आधी न रागावता विचारावं, "कुठं पडलास का? काही लागलं का?" आणि सदरा वर करून पोट पाहावं.

घरी काय करू नये?

पोट दुखतंय म्हटलं की आपल्याकडं पहिला उपाय चोळण्याचा. "बेंबी सरकली", "नळ भरले" म्हणून तेल लावून पोट चोळून घेतात. मार लागलेलं पोट अजिबात चोळू नये. आतली जखम आणि रक्तस्राव त्यानं वाढू शकतो. पोटाला कापड घट्ट बांधणं, गरम विटेनं शेकणं, हेही नको.

मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून झोपवून ठेवणं हा दुसरा धोका. गोळीनं कळ दबते, पण आतलं काम चालूच राहतं. काही गोळ्यांनी रक्तस्रावही वाढू शकतो.

डॉक्टर पाहीपर्यंत खायला देऊ नये. हळदीचं दूध, चहा, लिंबूपाणी यातलं काहीही नको. शस्त्रक्रिया करावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं. तहान फारच लागली तर ओठ ओले करावेत.

माणसाला सरळ झोपवून, गुडघे थोडे दुमडून ठेवलं तर पोटावरचा ताण कमी होतो. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावं. मात्र उंचावरून पडलेल्या किंवा गाडीच्या धडकेतल्या माणसाची मान आणि पाठ हलवू नये, वळवायचाच असेल तर डोकं, मान आणि अंग एका रेषेत ठेवून वळवावा. पोटात चाकू, लाकूड किंवा सळई रुतलेली असेल तर ती उपसून काढू नये. तशीच ठेवून कापडानं आजूबाजूला आधार द्यावा. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेण्यापेक्षा १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

डॉक्टरांना काय सांगायचं?

"पोट दुखतंय" एवढंच सांगितलं तर ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळून रुग्ण घरी परत येऊ शकतो. तपासणीची दिशा ठरते ती मार कसा लागला यावरून. म्हणून चार गोष्टी नीट सांगाव्यात :

१. कशाचा मार लागला? हँडल, शिंग, स्टेअरिंग, लाथ, दगड.
२. पोटाच्या कोणत्या जागी?
३. किती वाजता? नेमकी वेळ महत्त्वाची आहे, कारण रक्ताच्या तपासणीचा अर्थ त्यावरून लागतो.
४. मधल्या वेळात काय काय झालं? दुखणं थांबलं होतं का, उलटी झाली का, कुठली गोळी दिली का?

घरात किंवा भांडणात मार बसला असेल तर "पायरीवरून पडले" असं सांगून तो लपवला जातो. विशेष करून बायका आणि मुलांच्या बाबतीत. पण डॉक्टरांना खरं कारण कळलं नाही तर योग्य तपासणी राहून जाते आणि जिवावर बेततं. मारहाण सोसणाऱ्या महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे मदतीचे क्रमांक आहेत.

अपघाताची पोलिसात नोंद होईल म्हणून पेशंट न्यायला घाबरू नये. दवाखान्याचं काम आधी उपचार करणं हे आहे. रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्या माणसाला मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं संरक्षण दिलं आहे. त्याला आपलं नाव-गाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.

तपासण्या कोणत्या आणि त्यातून काय कळतं?

रक्ताची तपासणी : स्वादुपिंडाला इजा झाली की अमायलेज आणि लायपेज ही दोन पाचकद्रव्यं रक्तात वाढतात. पण पहिल्या तीन तासांत ती नॉर्मल येऊ शकतात. म्हणून मार लागल्यापासून तीन तासांनंतर तपासणी करून, दर सहा तासांनी ती पुन्हा करावी असा जागतिक तज्ज्ञ-संघटनांचा सल्ला आहे. एकदा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून घरी निघून येणं धोक्याचं, ते यामुळंच. आकडा वाढत चालला असेल तर संशय पक्का होत जातो. उलटंही असतं. तोंडाला मार लागला असेल तर लाळेच्या ग्रंथीमुळंही अमायलेज वाढतं. त्यामुळं केवळ एका आकड्यावर कुणी निदान करत नाही.

सोनोग्राफी : ही तपासणी तालुक्याला होऊ शकते. पोटात रक्त किंवा पाणी साचलंय का, यकृत-पाणथरी फाटलीय का, हे तिच्यात पटकन कळतं. पण स्वादुपिंड जठर आणि आतड्याच्या मागं असतं आणि मधल्या गॅसमुळं ते नीट दिसत नाही. सोनोग्राफी चांगली आली म्हणजे स्वादुपिंड चांगलं आहे, असं म्हणता येत नाही.

सीटी स्कॅन : शिरेतून डाय देऊन केलेला पोटाचा सीटी स्कॅन ही मुख्य तपासणी. रुग्णाचं बीपी स्थिर असेल तरच ती करतात. ग्रंथी सुजली, चिरली, तुटली का आणि बाजूच्या अवयवांचं काय, हे त्यात दिसतं. आधी कधी डायची ॲलर्जी झाली असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर तसं आधीच सांगावं. सीटीलाही वेळेची मर्यादा आहे. अगदी सुरुवातीला केलेल्या सीटीमध्ये चीर दिसत नाही असं काही रुग्णांत होतं, कारण सूज आणि पाणी दिसायला वेळ लागतो. संशय कायम असेल तर डॉक्टर १२ ते २४ तासांत दुसऱ्यांदा सीटी करायला सांगतात. "एकदा झाला की, पुन्हा कशाला? पैसे काढायला?" असं नातेवाइकांना वाटतं. पण या इजेत दुसऱ्या सीटीला खरंच कारण असतं.

एमआरसीपी : हा एमआरआयचाच प्रकार. मुख्य नळी सलग आहे की मध्ये तुटली, हे यात सुई-दुर्बिणीशिवाय पाहता येतं.

ईआरसीपी : तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन नळीच्या तोंडातून डाय सोडतात. नळी कुठं गळते ते थेट दिसतं आणि त्याच वेळी आत स्टेंट, म्हणजे प्लास्टिकची बारीक नळी, बसवता येते. या तपासणीनं स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, त्यामुळं ती गरज असेल तरच आणि अनुभवी हातानं केली जाते. अशी सोय साधारणपणे मोठ्या शहरातल्या रुग्णालयांत असते.

इजेच्या पाच पायऱ्या

रिपोर्टवर "ग्रेड" असा शब्द लिहिलेला असतो. अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जनच्या संघटनेनं १९९० मध्ये केलेली ही वर्गवारी आपल्याकडंही वापरतात.

- ग्रेड १ : थोडा चेचलेला भाग किंवा वरवरची चीर. नळी शाबूत.
- ग्रेड २ : जास्त चेचलेलं किंवा मोठी चीर. तरीही नळी शाबूत.
- ग्रेड ३ : डाव्या बाजूला, म्हणजे शेपटीकडं ग्रंथी तुटलेली किंवा तिथली नळी फाटलेली.
- ग्रेड ४ : उजव्या बाजूला, डोक्याकडं तुटलेली.
- ग्रेड ५ : डोक्याचा पूर्ण चेंदामेंदा.

नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारायचा प्रश्न सोपा आहे : "नळीला इजा आहे का? असेल तर डावीकडं की उजवीकडं?" उपचार याच उत्तरावर ठरतात.

उपचार कसे होतात?

बीपी पडत असेल, आत रक्त वाहत असेल : मग तपासण्यांत वेळ घालवत नाहीत, थेट ऑपरेशन. पहिलं काम रक्त थांबवणं. स्वादुपिंडाला खेटूनच मोठ्या रक्तवाहिन्या जातात. या इजेत सुरुवातीच्या तासांत जे मृत्यू होतात ते बहुतेक अशा रक्तस्रावानं किंवा सोबतच्या दुसऱ्या इजांनी होतात. रुग्ण फार नाजूक असेल तर पहिल्या वेळी रक्त थांबवून, ड्रेन ठेवून आयसीयूत नेतात आणि बाकीचं ऑपरेशन एक-दोन दिवसांनी करतात. "अर्धवट ऑपरेशन केलं" असा गैरसमज इथं होतो. खरं तर रुग्ण वाचावा म्हणूनच ते टप्प्यानं करतात.

ग्रेड १ आणि २, रुग्ण स्थिर : बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. भरती करून सलाइन, दुखण्याचं औषध, वारंवार तपासणी आणि रक्ताचे रिपोर्ट. सुरुवातीला तोंडानं खाणं बंद असतं. दुखणं उतरलं की पातळ पदार्थांपासून हळूहळू चालू करतात. तोंडानं जमत नसेल तर नाकातून आतड्यापर्यंत नळी घालून अन्न देतात. "सलाइनवरच ठेवलंय, काहीच करत नाहीत" अशी तक्रार नातेवाइक करतात. पण ग्रंथीला विश्रांती देणं आणि बिघाड लगेच पकडणं, हाच इथला उपचार आहे.

ग्रेड ३ : मोठ्या माणसांत तुटलेला शेपटीकडचा भाग काढून टाकतात. उरलेली ग्रंथी शरीराचं काम भागवते. पाणथरी तिथंच चिकटलेली असल्यानं काही वेळा तीही काढावी लागते. मुलांमध्ये ती वाचवायचा जास्तीत जास्त प्रयत्न असतो. मुलांमध्ये नळीची इजा असताना लगेच ऑपरेशन करायचं की स्टेंट आणि ड्रेनवर थांबून पाहायचं, यावर सर्जनमध्ये अजूनही एकमत नाही. त्यामुळं दोन डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यातला एक फसवतोय असं समजू नये.

ग्रेड ४ आणि ५ : सगळ्यात अवघड. डोक्याजवळच पित्ताची नळी आणि आतड्याचं वळण असतं. शक्य तिथं ड्रेन ठेवून, स्टेंट टाकून भागवतात. अगदीच इलाज नसेल तर डोकं आणि आतड्याचा भाग काढण्याचं मोठं ऑपरेशन करावं लागतं. ते मेडिकल कॉलेज किंवा मोठ्या रुग्णालयातच व्हावं.

नळी तुटल्याचं चोवीस तासांच्या आत कळलं तर उपचार त्या मानानं सरळ होतात. त्याच्या पुढं उशीर होत गेला तर सूज, पू आणि जंतुसंसर्ग वाढतो, ऑपरेशनही कठीण होतं.

घरी आल्यावर

टाके सुकले म्हणजे सगळं संपलं असं या इजेत नसतं.

पोटातल्या ड्रेनमधून पाचकरस गळत राहणं, म्हणजे फिस्टुला, ही नेहमी दिसणारी गुंतागुंत. बरेच फिस्टुला काही आठवड्यांत आपोआप बंद होतात. तोवर ड्रेनची पिशवी रोज मोजून वहीत लिहावी. नळी ओढली जाणार नाही याची काळजी घ्यावी. रंग लाल किंवा पुवासारखा झाला तर लगेच दवाखाना.

दुसरी म्हणजे पाण्याची गाठ, डॉक्टर तिला स्यूडोसिस्ट म्हणतात. मार लागून चारेक आठवडे झाले, सगळे विसरले, आणि पोटाच्या वरच्या भागात फुगवटा दिसू लागला, थोडं खाल्लं तरी पोट गच्च, उलट्या. पुष्कळदा मूळ इजा तेव्हाच पहिल्यांदा कळते. लहान गाठ आपोआप जिरू शकते. मोठी असेल, त्रास देत असेल किंवा तिच्यात पू झाला असेल तर दुर्बिणीतून, सुईनं किंवा ऑपरेशननं तिचा निचरा करतात.

पाणथरी काढली असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लशी घ्याव्याच लागतात. साधारण दोन आठवड्यांनी त्या सुरू करतात. अशा माणसाला ताप आला तर तो अंगावर काढायचा नाही.

ग्रंथीचा मोठा भाग गेला असेल तर साखर वाढू शकते. म्हणून सांगितलेल्या वेळी साखर तपासावी. शौचाला तेलकट, चिकट, खूप वास येणारी होत असेल आणि वजन घटत असेल तर पाचकरस कमी पडतोय असं समजावं. त्यावर जेवणासोबत घ्यायची औषधं मिळतात. दारू आणि तंबाखू या ग्रंथीच्या वैरी आहेत. त्या बंद म्हणजे बंद.

खर्चाचं काय?

गावातला माणूस मोठ्या दवाखान्यात जायला कचरतो तो पैशासाठी. म्हणून हे माहीत असू द्या :

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यादीतल्या रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचाराचं संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार लागतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटावं आणि हे ऑपरेशन योजनेत बसतं का ते विचारावं. तातडीच्या रुग्णाची फोनवरून नोंद करून कागद मागाहून देण्याची सोय आहे. हेल्पलाइन १५५३८८.
- वाहनाचा रस्ते अपघात असेल तर मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या कॅशलेस योजनेत, ठरवून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. बैलाची ढुशी किंवा झाडावरून पडणं यात येत नाही.
- सरकारी जिल्हा रुग्णालय आणि सरकारी मेडिकल कॉलेज हा पर्याय आहेच.

तालुक्याच्या डॉक्टरांनी पुढं न्यायला सांगितलं तर "कुठं न्यायचं, तिथं आत्ता सीटी आणि सर्जन आहे का?" हे निघण्याआधीच विचारून घ्यावं. सोबत आधीचे सगळे रिपोर्ट, दिलेल्या इंजेक्शनांची चिठ्ठी आणि मार लागल्याची वेळ लिहून न्यावी.

टाळता येण्यासारखं

मुलांच्या सायकलच्या हँडलला टोकाला रबरी मूठ असते. ती फाटून आतला लोखंडी पाइप उघडा पडतो आणि तसाच वापरला जातो. नवी मूठ थोड्या पैशात मिळते, आजच बसवा. मोठ्या माणसाची सायकल लहान मुलाला देऊ नका. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पोरांना बसवू नका. चारचाकीत पुढं बसणाऱ्यानं आणि मागं बसणाऱ्यानंही पट्टा लावावा, आणि तो पोटावर न घेता कमरेच्या हाडावरून घ्यावा. मारकुट्या जनावराला वैरण टाकायला मुलांना पाठवू नये.

थोडक्यात लक्षात ठेवा

- पोटाला मुका मार लागला की चोवीस तास लक्ष ठेवा. दुखणं थांबून परत आलं तर ती धोक्याची खूण.
- पोट चोळू नका, खायला देऊ नका, गोळी देऊन झोपवू नका.
- मार कशाचा आणि किती वाजता लागला, हे डॉक्टरांना सांगा.
- पहिली रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी चांगली आली तरी डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा.
- "नळी शाबूत आहे का?" हे विचारा.
- रुग्णवाहिका १०८. हा क्रमांक घरातल्या लहान मुलांनाही पाठ करून ठेवा.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्येक रुग्णाचा निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.)